सात बाइट

पहिला बाइट माझा. त्यात मी होय किंवा नाही ठेवते.
शेवटचे आठही माझेच. त्यांत वेळ.
मधले सात कुणाचेच नाहीत.
आठच्या पाढ्यात बसावं म्हणून
कंपायलरने ते सोडून दिलेत,
लाकूड फुगेल या हिशेबाने
सुतार फळ्यांमध्ये फट सोडतो तसे.

बाहेरचा कुणी प्रोग्रॅम येतो, विचारतो: किती वाजले?
कर्नल अदबीने सोळाच्या सोळा बाइट उचलतो
आणि त्याच्या ओंजळीत घालतो.
होय. मग वेळ. आणि दोहोंच्या मध्ये
क्षणापूर्वी तिथून उठून गेलेल्या कुणाचं तरी उष्टं.

ब्रनोत नोव्हेंबरला चारलाच दिवे लागतात.
चौथ्या मजल्यावर ओताकारने ते सात बाइट
पडद्यावर एकेक करून मांडले:
एफ एफ एफ एफ, एफ एफ एफ एफ, पुढे आठ, पुढे एक.
"हा पत्ता आहे," तो म्हणाला, "आपल्या माजघरातला.
शेवटचा तुकडा तुझ्या होय-खाली पुसला गेला,
बाकी सगळा शाबूत."
ज्याने नुसती वेळ विचारली होती
त्याला आता ठाऊक होतं
आम्ही तिजोरी कुठल्या भिंतीत ठेवतो.

कुलूप तुटलं नव्हतं. खिडकी फुटली नव्हती.
दिलं आम्हीच. वर "या पुन्हा" म्हणून.

उपाय एका ओळीचा.
लिहिण्याआधी सोळाही जागांवर शून्य फिरव.
रादोवान कुरकुरला:
या वाटेने सेकंदाला लाखदा जा-ये असते,
दर वेळी पुसत बसायचं?
जे आपण लिहिलेलंच नाही, ते?

जे आपण लिहिलेलंच नाही.

माझी आई, क्वेता, लोकरीच्या गिरणीत हिशेबनीस होती.
हात जड. पेन्सिल अशी दाबायची
की सातचा आकडा टेबलालाही कळावा.
मी जन्मायच्या आधीची गोष्ट:
दुपारच्या सुट्टीत तिने मावशीला चिठ्ठी लिहिली,
मामा कुठल्या रात्री, कुठल्या ओढ्याच्या काठाने
सीमेपलीकडे जाणार ते.
चिठ्ठी फाडून घेतली, घडी घालून बुटात ठेवली.
तेवढ्यात शेजारच्या खात्यातला एक जण आला,
म्हणाला, बाई, एक कोरा कागद द्या.
तिने वहीतला पुढचा कागद दिला.
कोराच होता.

त्याने पेन्सिल आडवी धरून
हलक्या हाताने तो काळा केला.

मामा नऊ वर्षांनी घरी आला. त्याचे दात गेले होते.
आईला कुणी दोष दिला नाही,
हेच तिला शेवटपर्यंत खुपत राहिलं.

यातलं मी रादोवानला काही सांगितलं नाही.
ओताकारने मोजून दाखवलं: दोन नॅनोसेकंद.
बदलाच्या नोंदीत मी लिहिलं,
"मोकळ्या जागा आधी शून्य करा, नाहीतर जुना मजकूर बाहेर जातो."
रादोवानने मान डोलावली, आणि कॉफी आणायला गेला.
मग आम्ही बाकीच्या फटी शोधायला बसलो.
रात्री नऊपर्यंत एकेचाळीस सापडल्या.
एक तर मीच सोडलेली, अकरा वर्षांपूर्वी,
वर माझं नाव, तारीख, सगळं नीट.

आई आता एक्याण्णव वर्षांची आहे.
शनिवारी बाजाराची यादी देते:
खसखस, मैदा, यीस्ट, दोन लिंबं.
कागद आधी फाडते,
मग बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर ठेवून लिहिते.
पत्र्यावर काही उमटत नाही.

ट्रॅममध्ये बसले की मी ती यादी
खिडकीच्या उजेडात तिरपी धरते. सवय.
खसखशीखाली काही नाही. लिंबांखालीही नाही.
आज मात्र कोपऱ्यात एक बारीक वळ दिसला
आणि माझा श्वास अडकला.
बराच वेळ पाहिल्यावर कळलं,
नख आहे तिचं.
कागद घट्ट धरला होता.