डोक्याचं माप

खडेबाजारात मारवाड्यानं सतरा हिरवे काढून दाखवले,
पोपटी, शेवाळी, बाटलीचा, कोथिंबिरीचा.
आप्पांच्या पलटणीचा नव्हता त्यांत.
शेवटी घेतला तो रात्री काळाच दिसतो,
उन्हात धरला तर कबूल होतो.

चार गुंडे मांडीवर घेऊन खानापूरच्या बसमध्ये.
शेजारची बाई म्हणाली, नातवाला काय गे?
मी म्हटलं, होय की.
सोपं पडतं.

जुनी ट्रंकेत आहे, कसर लागलेली.
घातली तर आता कानांवर येऊन थांबते.
माणसाचं डोकंही आटतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

टोपी विणते म्हटलं तर रागावले.
टोपी म्हणू नको. टोपी लग्नात घालतात.
बेरे म्हण.
मग मापाला बसले, बनियनवर, खुर्चीत,
हनुवटी वर, गुडघे जुळवून, श्वास रोखून,
आणि मी टेप बघायच्या आधीच
लिही म्हणाले, साडेवीस.
वीस भरलं.
लिहिलं साडेवीस, विणलं वीस.

चार सुयांवर गोल विणायला नीलव्वानं शिकवलं,
परड्यातल्या दगडावर बसून, दुपारी,
तिच्या म्हशीला पाणी दाखवून झाल्यावर.
ती मोजते व्हंद, येरड, मूर, नाक.
मी एक, दोन, तीन, चार.
दोघी एकदम मोजायला लागलो की
सव्विसाच्या आसपास कुणाचा तरी आकडा
कुणाच्या तरी सुईवर जाऊन बसतो.
तीनदा उसवलं.
चौथ्यांदा ती म्हणाली, तू गप बस की,
आणि माझी बोटं कानडीत विणायला लागली.

कडेचा पट्टा सोपा, दोन सुलट, दोन उलट.
फेरा सुरू होतो तिथं एक सेफ्टी पिन.
मग टाके वाढवत जायचे, वाढवतच जायचे,
सगळं भाकरीएवढं पसरतं
आणि वाटतं, हे कुणाच्या डोक्यावर बसणार?
मग आटवायचं. येरड कूडसी व्हंद. दोनाचा एक.
शेवटी आठ टाके उरतात,
दोऱ्यात ओवून ओढून घेतले
तरी मधोमध बारीक भोक राहतंच.
राहू दे, नीलव्वा म्हणाली, वारं जायला पाहिजे.

भिजवून ताटावर चढवायची असते, आकार धरायला.
आईच्या लग्नात आलेलं ताट काढलं,
पाठीवर ठिपक्यांनी कोरलेलं कानडी नाव.
कुणाचं, ते आई होती तोवर माहीत होतं.
नीलव्वानं बोट फिरवत वाचलं: बसवंतप्पा, धाकटा.
कुणाचा धाकटा, तेवढी जागा ताटाला नव्हती.

गेल्या सोमवारी बँकेत
मशीननं आप्पांचा अंगठा घेतला नाही.
झिजलाय, साहेब म्हणाले, पुन्हा या.
तेव्हा हयातीचा दाखला आज.

सकाळी उठून बघते तर ताट रिकामं.
आप्पा अंगणात, उन्हाकडे तोंड करून,
बेरे डोक्यावर, ओलीच.
पाणी कानामागून बनियनमध्ये उतरतंय.
अहो, सर्दी होईल.
अशीच घालायची असते, म्हणाले,
डोक्यावर वाळू द्यायची,
मग ती दुसऱ्या कुणाला होत नाही.

उजवीकडून खाली ओढली. दोन बोटांनी कड चाचपली.
पिन काढायची राहिली होती माझी.
थांबा, म्हटलं.
त्यांनी बेरे हळूहळू फिरवत आणली,
पिन डाव्या डोळ्याच्या वर येईपर्यंत,
जिथं बिल्ला असायचा.
राहू दे, म्हणाले.

बारा वाजताची बस आहे.
अजून अर्धी ओली आहे.