भोंग्याचा सूर

सातवीच्या पोट्ट्यांनी विचारलं,
"काका, जिनाचा भोंगा कोणत्या सुरात वाजे?"
हातात घंटेची हातोडी, मी तसाच उभा.
सव्वीस वर्षं झाली शाळेत शिपाई आहे.
त्याआधी अकरा हंगाम बॉयलरपाशी होतो,
भोंग्याची साखळी माझ्याच हातात असे,
आणि सूर मला माहीत नाही.
म्हणालो, "मोठ्यानं वाजे."
हसली सगळी.

बाई नवीन आहेत, लाखांदूरकडच्या.
म्हणाल्या, पुस्तकात आपलं जिन नाही,
तर आपण ते वाजवून पाहू.
झालं. गावातलं भंगार वर्गात येऊन बसलं.
हर्षालीनं डालड्याच्या डब्यात सरकी भरून आणली,
हलवली की डब्यात हंगाम बोले.
नेवाऱ्याच्या पोरानं गठाणीची लोखंडी पट्टी सोडून आणली,
तिनं त्यांच्या वाडीचं फाटक बांधलेलं होतं;
दुपारपर्यंत बकऱ्या वांग्यात.
मोहसीननं आजोबांचा पाना आणला, इस्माईल फिटरचा,
ज्याला दर शुक्रवारी अजून तेल लागतं
आणि कसायला काहीच उरलेलं नाही.

रेच्यांचा ठेका मात्र बसेना.
फारच सरळ येत होता, कवायतीसारखा.
मी झाडू बाजूला ठेवून सांगितलं,
एका पट्ट्यावर चोवीस रेचे, पण सातवा लंगडा होता,
कितीही ठोका, तो मागेच राही.
बाईंनी फळ्यावर लिहिलं: सातवा लंगडा.
श्रावस्तीला दोन दिवस लागले
बरोबर चुकायला.

मग बेबीनंदाच्या हाताचं निघालं.
गाण्यात घ्यायचं का ते?
सरपंच म्हणाले, शेठचा नातू येतो आहे नागपूरहून,
कायले उकरता.
पोरं सरळ तिच्याच दारात गेली.
ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती,
टोपलं दोन पायांत धरून, एका हातानं.
"घ्या नं," म्हणाली, "पण रडकं नोका करू.
पट्टा उतरवाले जेवढा वेळ लागला
तेवढा वेळ चूप राहा. बस."
किती लागला?
तिनं उत्तर दिलं नाही. शेंगा सोलत राहिली.
पोरं मोजत बसली.
नवव्या शेंगेला ती थांबली.

जिनाच्याच आवारात केलं.
छपराचे पत्रे कधीच विकले गेले, वर नुसतं आभाळ,
खाली सतरंजी, शाळेची आणि समाजमंदिराची.
सरकी वाजली, पट्टी वाजली, पाना वाजला,
सातवा मागे राहिला,
आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी, कोणी न सांगता,
पदर नाकाला लावले.
हवेत एक तंतू नव्हता.

मग नऊ शेंगा.
रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली.
शेठच्या नातवाला वाटलं, विसरली पोरं,
टाळी वाजवायला त्यानं हात उचलले
आणि बाजूच्या म्हातारीनं ते तसेच खाली दाबले.

भोंग्यासाठी शंख पाहिला होता, पेटी पाहिली होती,
रिकामी घागर तोंडाला लावून झाली होती. नाही जमलं.
शेवटी पोरं म्हणाली, "काका, तुम्ही नुसती साखळी ओढा,
तुम्ही धराल तोवर आम्ही ओरडू."
एक्केचाळीस पोरं, ज्याचा त्याचा आवाज.
मी हात वर केला. हवेत साखळी नव्हती.
ओढली.

शेवटच्या दिवशी भोंगा झालाच नव्हता.
सकाळी आलो तर फाटकावर लाख,
डबे हातात घेऊन आम्ही दहा वाजेपर्यंत उभे,
कोणी पाळीवर घेईना, कोणी घरी जा म्हणेना.
म्हणून असेल, मी सोडलीच नाही.
लहानग्या पोरीचा चेहरा लाल झाला,
बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
तरी धरून होतो.

सोडली तेव्हा
बेबीनंदा गुडघ्यावर हात टेकून उठली.
"सुटली वाटते पाळी," म्हणाली,
आणि फाटकाकडे चालू लागली.
तिच्यामागून बाकीच्या.