पोटखराब

तीस मीटर बाय तीस मीटर, खोली तीन.
टेपचं एक टोक मच्छिंद्र दौंड्यांच्या पोराकडं, दुसरं माझ्याकडं.
काळ्या प्लास्टिकवर पाय घसरतो
म्हणून चपला काठावर.
"साहेब, फोटोत मी दिसलो पाहिजे ना?"
दिसायलाच पाहिजे. लाभार्थी, तळं, फलक,
कोपऱ्यात अक्षांश-रेखांश.
त्याशिवाय प्रकरण पुढं सरकत नाही.

तळं काठोकाठ. पावसानं नव्हे,
बांधापलीकडच्या विहिरीतून, साडेसातच्या मोटारीनं.
भुईच्या पोटातलं पाणी उपसून उन्हात मांडलं
की त्याचं जलसंधारण होतं.
मी शेरा लिहिला : काम समाधानकारक.
खोटं नव्हतं. कडा सरळ, कुंपण पक्कं,
डाळिंबाला मे निघून जाईल.
चहात विलायची होती.

येवल्याकडं परतताना, उताराला,
झुंबरबाई गुडघे रस्त्यातच उभी.
"तळ्याचे किती देता?"
आकडा सांगितला.
"आन् माझ्या गवताचे?"

गट नंबर दोनशे चौदा. सातबाऱ्यावर
ऐंशी आर पोटखराब.
पवन्या, मारवेल, मधूनच शेडा, कमरेइतकं,
कापणी दिवाळीनंतर, तीही अर्धीच.
उरलेल्या अर्ध्यात काळवीट विते.
"आजी, हरणांनी पीक खाल्लं असेल तर अर्ज करा.
पंचनाम्याला आम्ही तिघं येतो, तलाठी, वनरक्षक, मी."
"खात्यात ना. मूग खात्यात, मठ खात्यात.
पर माझं नाही, शेजारच्यांचं.
त्यांना भरपाई भेटली. मला काय?"

मी योजना आठवत गेलो.
ठिबक, बांधबंदिस्ती, फळबाग, गांडूळखत,
शेडनेट, अस्तरीकरण.
बोटं संपली.
"काहीच न करण्याचं अनुदान नसतं, आजी."

"काहीच न करण्याचं?"
तिनं पदर खोचला.
"श्रावणात ये की रात्री. तीन गावची मेंढरं आडव.
वैशाखात ये, जाळपट्टा काढ माझ्यासंगं.
पोरगं म्हणतंय कांदा लाव, दरसाल म्हणतंय,
त्याला नाही म्हणून बघ."

मग मीच म्हणालो, उभ्या राहा तिथं.
फोटो काढला. अक्षांश आला, रेखांश आला,
मागं गवत, पुढं ती, दोन्ही वाऱ्यानं वाकडी.
फोन विचारत राहिला : कामाचा प्रकार निवडा.
खाली-वर सरकवत राहिलो.
"इतर" सुद्धा नव्हतं.

मार्चअखेरीस तालुक्याचा निधी परत गेला, अखर्चित,
तसा तो बहुतेकदा जातो.
आकडे मीच जुळवले.
पोटखराब हा शब्द कुणी घडवला असेल,
कुठल्या कारकुनानं, कसलं पोट दुखत असताना,
असलं काही त्या रात्री डोक्यात होतं,
आणि बेरीज दोनदा चुकली.

आता त्या उतारावर गाडी आपोआप हळू होते.
आधी तास पडलेत का बघतो, मग गवत.
गेल्या गुरुवारी बांधाला ट्रॅक्टर लागलेला,
नांगर वर उचललेला, ड्रायव्हर सावलीत.
शेजारच्याचाही असेल.
मी थांबलो नाही.
मला पुढच्या गावात साडेअकराला
एक तळं मोजायचं होतं.