साकु

उद्यमबागेतल्या शेडमध्ये पहिल्या दिवशी
अर्ज वाटले, सगळे कन्नडमध्ये.
खानापूरकडची दोन पोरं एकमेकांच्या कागदात बघत बसली.
मी बोटानं अक्षरं जुळवत गेले: हेसरु, ऊरु,
आणि मग एक शब्द, दोन्हीकडं सारखाच.
अनुभव.
पुढं रेघ, बोटभर लांब.
मी लिहिलं, इल्ल.

शाळेत कन्नड होतं, पस्तीस मार्कांपुरतं.
बाकीचं आईनं दिलं, आजारपणात.
तिचं माहेर हुक्केरीकडं. लग्न होऊन बेळगुंदीत आली
नि बावीस वर्षं आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलली,
बाजारात भांडलीसुद्धा मराठीतच.
मी नववीत होते. रताळी काढायचे दिवस.
बांधावर बसली ती उजव्या अंगानं ढासळली.
दवाखान्यातनं घरी आली तेव्हा
मराठी उपटून गेलेलं, मुळासकट.
खाली तिच्या लहानपणचे चार शब्द शिल्लक:
नीरु. नोवु. बा. साकु.
पाणी. दुखतंय. ये. पुरे.
ह्या चारांवर आमचं घर पाच वर्षं चाललंय.

साकु म्हटलं की चमचा थांबायचा,
ओठांच्या अलीकडं, जिथं असेल तिथं.
आंबिलीचा एक घोट जास्त गेला
तर ठसका, ठसक्यामागनं ताप,
नि तापामागनं सिव्हिल, रात्री दोनला.
हे मी कुणाला सांगत नाही.
सांगितलं की बायका म्हणतात, पोरगी गुणाची,
आणि तिथं विषय संपतो.

हिरेमठ सरांनी मायक्रोमीटर दिला,
पितळेची कांडी दिली. फिरवा, म्हणाले, हळू.
शेजारी रुद्रेश बैलगाडीचा नट आवळल्यागत आवळत होता.
सर म्हणाले, "साकु."
त्याला म्हणाले होते.
त्याचा हात फिरतच राहिला,
माझा जिथल्या तिथं थांबला.
सरांनी वाकून बघितलं. अकरा पॉइंट छप्पन्न.
काढून परत लावायला सांगितलं. तेच.
"यारु कलसिदरु? कुणी शिकवलं?"
"घरी," मी म्हटलं.
"घरी लेथ आहे काय तुमच्या?"
सगळी हसली. मीही हसले,
खरं पाण्याची बाटली शोधत, खाली बघून.

दुपारी फळ्यावर शून्य काढलं त्यांनी.
रिकामं मिटवलं तरी कधी कधी
माप शून्यावर येत नाही.
म्हणून टाकून द्यायचं नाही.
केवढं चुकतंय ते लिहून ठेवायचं
नि दर वेळी वजा करायचं.
मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
दहा वाजता फोन, कूस बदलायला.
एक वाजता फोन, गोळी.
चारला फोन, नुसताच.
एवढं वजा केलं की बाकी मी बरोबर.

संध्याकाळी दिलशादभाभी उंबऱ्यातच उभी.
"दिवसभर बा, बा करत होती गं. दाराकडं बघून."
तिला महिन्याला किती द्यायचे
हे अजून आमचं ठरलेलं नाही.
ती विषय काढत नाही, मीही.
आईनं माझा तळवा हुंगला, तोंड वाकडं केलं.
कूलंटचा वास दोनदा साबण लावूनही जात नाही.
डाव्या हाताच्या बोटानं माझ्या अंगठ्यावरचा काळा डाग
घासत राहिली बराच वेळ,
मी ताटात काही सांडून आल्यागत.

आज सकाळी साडेसातच्या बसला निघाले.
डबा, निळा अ‍ॅप्रन, भाभीकडं किल्ली.
मागनं आवाज आला: "होगि... बा."
जाऊन ये.
पाच वर्षांत तिच्या तोंडी 'जा' नव्हतं.
मला म्हणाली, की चुलीपाशी बसलेल्या मांजराला,
ते कळलं नाही.
मांजर उठलं नाही.
मी पळत जाऊन बस धरली.