उजळाईवाडीहून

पोलीस बाईंनी बॅगेतून दोन्ही डबे बाहेर काढले.
एकाचं झाकण उघडलं, नाकाजवळ नेलं.
"घरची?"
"वहिनीची."
"तीळ जरा जास्त भाजलेत," म्हणाल्या,
"आणि तिखट हातातल्या बॅगेत चालत न्हाई ताई."
दुसरा डबा फिरवून पाहिला, उघडला नाही.
मग इकडं तिकडं बघून
दोन्ही परत ठेवले, साडीच्या घडीत,
माझ्यापेक्षा नीट.

छोटं विमान. कागलच्या एस्टीत असतात
तेवढीच माणसं, फक्त कुणी बोलत नाही.
पंखा फिरतो, दिसेनासा होतो.
धावपट्टीच्या कुंपणापलीकडे ऊस वाकतो, उभा राहतो.

वैजू वहिनी रोज रात्री विचारायची,
उद्या काय करू जेवायला?
मी म्हणायची, कशाला त्रास घेतेस.
तिला विचारायचं होतं, उद्या आहेस ना.
हे मला आत्ता कळतंय, पट्टा आवळताना,
नेहमीसारखं, उशिरा.

ज्ञानूमामांना माझं नाव आठवलं नाही.
सातवीत गणितात किती पडले, ते मात्र आठवलं.
शंभरात एकतीस.
तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा हसले,
आणि तिन्ही वेळा मला खरंच लाज वाटली,
गुडघ्यांना पट्टे बांधणारी बाई मी.

भूपालच्या बैठकीत भिंतीवर पुराच्या दोन रेघा,
एक निळी, एक तांबडी, पोरीनं खडूनं ओढलेल्या,
वरून रंग मारायला कुणाचा हात होत नाही.
दोन्ही रेघांच्या खाली बसून आम्ही कॉफी प्यायलो.
"तिसरीला जागा ठेवलीय," तो म्हणाला
आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.
मी दोन घेतली. काय बोलणार.

गंगावेशीत रात्री साडेनऊला
भाच्यानं म्हशीसमोर उभं करून पेला हातात दिला.
फेस ओठावर आला. तो फोटो काढत राहिला,
मी पीत राहिले. डॉक्टरांना सांगू नकोस, म्हटलं.

आणि राजारामपुरी, नववी गल्ली.
शिलाईच्या दुकानावरची खोली.
रिक्षा तिथून दोनदा गेली.
दुसऱ्यांदा पुढे फुटबॉलच्या पोरांची मिरवणूक होती,
म्हणून थांबली, नेमकी तिथंच.
वर दिवा होता. मशीन चालू होतं.
ती टाक मला कानानं ओळखता येते,
माझा शाळेचा पहिला झगा तिच्या आईनं
त्याच मशीनवर शिवला.
"उतरणार काय?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.
"नको. चला."

नवरा गेला तेव्हा मी तिला पाच शब्द पाठवले होते.
मोजून पाच. शेवटी जोडलेले हात.
अकरा महिने झाले.
तिनं उलट विचारलं होतं, तू बरी आहेस ना?

विमान डावीकडे कलतं.
रंकाळा येतो, ताटात उरलेल्या वरणासारखा,
कडेला हिरवट.
नदी कुठल्यातरी विचारात असल्यासारखी वळत जाते.
आठ दिवस जिथं जिथं चपला काढल्या
ती सगळी घरं मिळून
माझ्या खिडकीच्या अर्ध्याच काचेत मावतात.

राजारामपुरी वरूनही ओळखू येते,
वहीच्या रेघांसारख्या सरळ गल्ल्या.
मी काचेवर बोट ठेवून मोजते.
चार. पाच.
शेजारचा मुलगा बघतोय, बघू दे.
सहा. सात.
मग पंखा आडवा आला,
मग ढग,
मग ऊस आणि ऊस आणि कर्नाटक.

पायाशी बॅग आहे.
चटणीचा वास झाकणाला जुमानत नाही,
पुढच्या रांगेतल्या माणसानं मान वळवून पाहिलं.
एक डबा माझा.
दुसऱ्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली,
वहिनीचं गोल, घाईतलं अक्षर:
हमिदाला.

पोलीस बाईंनी ती वाचली असणार.