कात्रीची जागा

देवमननं सकाळीच तळ्यातून आणल्यात
दुधाच्या केटलीत, शेवाळासकट,
बावीस गोगलगायी.

परवा एकीला भिंगाखाली उघडलं
तेव्हा दिसला मेंदू:
अन्ननळीभोवती घट्ट बसलेलं कडं,
गाठीगाठींचं, रंगानं नारिंगी.
देवमन वाकला. "आपल्या वरूडचाच हाये म्हना की,
आंबिया बहाराचा."
घास मेंदूच्या मधून जातो हिचा, मी सांगितलं.
"माह्या तं डोक्शातच अटकते."

त्या कड्यात शंभरेक पेशी अशा
ज्यांच्यापाशी एकच हुकूम, एका जनुकात,
मध्ये श्वास न घेता लिहिलेला,
कचेरीतल्या जुन्या मोडी कागदासारखा:
लेखणी उचलत नाही, शब्द तुटत नाही,
कुठे थांबायचं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं.
इथे ओळखते ती कात्री.
दोन ठरावीक अक्षरं लागून आली की कापते,
आणि एका ओळीचे तुकडे होऊन
रक्तात सुटतात.
एक म्हणतो, थांब.
एक म्हणतो, आता ठेव.
एकाचं म्हणणं मला अजून कळलेलं नाही;
वहीत त्याच्यापुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे,
चार वर्षांत पुसट झालेलं.

आज दुपारी लाइट गेली.
सात नंबरची, जिला मी टोचून निजवणार होते,
काचेला चिकटली आणि थांबली.
"मॅडम, थे काऊन थांबली?"
पाहा, म्हटलं.
पाऊण तासानं तिचं तोंड हलू लागलं.
एवढीशी जागा खरवडत राहिली, तीच ती,
जिथे खायला काहीच नव्हतं.

देवमनच्या हातात फडकं तसंच राहिलं.
"माही माय अशीच.
आत्या सांगे, भर उन्हाचं, कोनी सांगतलं नाही,
उठली अन् कोपरा सारवाले बसली.
वाळला का पुन्हा सारवे. तोच कोपरा.
सांजीले मी."

आपल्या रक्तातले तुकडे वेगळे,
कात्री मात्र फार जुनी, तिची नि आपली एकाच घराण्यातली.
हे मी दरवर्षी वर्गात सांगते
फळ्याकडे तोंड करून.
आज तोंड कुठे करावं कळेना.

सिरिंज भरलेली होती. टोपण लावून ठेवली.
बाहेर कुणी संत्र्याच्या पेट्यांना खिळे ठोकत होतं.
काचेवर उमटत गेली
भिजल्या साबुदाण्यासारखी पट्टी,
आणि ती बाजूला सरकली,
मागे न बघता.

देवमननं केटली विसळली, तळ्याचंच पाणी भरलं,
माझ्या वहीत डोकावला.
प्रश्नचिन्हावर बोट ठेवून म्हणाला,
"अन् थो काय म्हनत असन?"