आतलं दार

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
माझं तर पोटच त्यावर चालतं.
आधी कॉफी, काळा पाव, पावावर जाड लोणी,
मग टेप आणि टॉर्च घेऊन माळ्यावर.

व्होरू गाव, एस्टोनिया. फेब्रुवारी. उणे सतरा.
ओंडक्यांचं दुमजली घर,
सांध्यासांध्यांत शेवाळ ठासलेलं,
कुणा पणजोबाच्या अंगठ्याचे दाब
अजून त्यात वाळून बसलेले.
खाली एंदेल, वर लेइदा.
सख्खी भावंडं.
दोन मीटर, दोन पत्रपेट्या, तिला बाहेरून जिना,
अनुदानाचे दोन वेगळे अर्ज
आणि दोन्हींवर पत्ता एकच.

"अहवाल दोन द्या," एंदेल म्हणाला.

मी समजावलं :
पुढच्या दारात लाल कापड ताणते,
कापडात पंखा. पंखा घरातली हवा बाहेर उपसतो,
मग थंडी जिथून जिथून आत घुसते
ती फट आपणहून बोलते.
अट एवढीच, की
बाहेरची दारं-खिडक्या बंद
आणि आतली सगळी उघडी.

"सगळी?"
"सगळी."

आतल्या जिन्याच्या तळाशी एक दार होतं.
दारापुढे कपाट. कपाटात जॅमच्या बरण्या,
प्रत्येकीवर वर्ष लिहिलेलं.
सगळ्यांत जुनी अकरा वर्षांपूर्वीची,
आत बेदाण्याएवढं काळं काहीतरी.
मी कारण विचारलं नाही.
माझ्या फॉर्मवर त्याला रकाना नाही.

बरण्या आम्ही एकेक करून खाली ठेवल्या.
पलीकडून खिळे उपसल्याचा आवाज यायला लागला.
म्हणजे पक्कड तिच्या हाताशीच होती.

दार उघडलं तेव्हा
तो बरण्या मोजत होता,
ती हातातला वाकडा खिळा सरळ करत होती.
मी पंखा लावला.

घर कण्हलं.
वॉलपेपर भिंतीवरून फुगला, परत बसला.
धुराची कांडी धरून मी खोलीखोलीतून हिंडले :
खिडकीच्या चौकटीशी धूर आडवा झाला,
विजेच्या बटणापाशी दचकला,
कोपऱ्यातल्या ओंडक्याशी तर पळूनच गेला.
तासाला अकरा पूर्णांक चार वेळा
हे घर आपली सगळी हवा सोडून देत होतं.
"एवढी लाकडं फोडली मी," एंदेल म्हणाला,
"अख्ख्या गावाला शेकवायला."

मग उष्णतेचा कॅमेरा.
भट्टी रात्रीपासून विझलेली, पण विटांना अजून ऊब.
वरच्या मजल्याची जमीन पडद्यावर निळी, निळी, निळी,
आणि भट्टीच्या बरोबर वर एक नारिंगी डाग.
डागावर लेइदाची खुर्ची.

"फुकटची ऊब," तो पुटपुटला.
"रात्री दोन ओंडके जास्त टाकतोस,"
ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली,
"पडल्याचं वर ऐकू येतं. मी मोजते."

मधल्या तक्तपोशीत काही भरायचं का,
असं त्यानं मला विचारलं, तिच्याकडे न बघता.
नको, मी म्हटलं. माळ्यात भरा, खिडक्या बदला.
घरातल्या घरात गेलेल्या उबेला
आम्ही गळती धरत नाही.

ऑक्टोबरात पुन्हा गेले.
माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा,
हातभर जाड, करड्या बर्फासारखा;
एखाद्या चिंधीवर अजून अर्धी बातमी वाचता येत होती.
खिडक्यांना तीन-तीन काचा.
ओंडक्यांच्या फटींत नवा अंबाडीचा काथ्या,
त्याचा वास घरभर.

कपाट होतं तिथेच.
फक्त वीतभर सरकलेलं.
वीतभरातून मांजर जातं, बरणी जाते,
पोट आत घेतलं तर माणूसही.

आतली दारं उघडा, मी म्हटलं.
दोघांनी कपाटाची दोन टोकं धरली.
"तू ओढतोयस." "तू ढकलतेयस."

आकडा आला तीन पूर्णांक दोन.
अहवाल मी एकच लिहिला.
सहीसाठी पेनही एकच होतं,
त्यावरून मात्र
बरंच वाजलं.